सेपियन्स, डायमंड की ग्रेबर-वेन्ग्रो: वाचनगटाने आधी कुठलं घ्यावं?

ऐरोलीच्या एका ताईंनी विचारलं, आम्ही आठ जण मिळून वाचनगट सुरू करतोय, विषय ठरलाय मानवजातीचा इतिहास पण पुस्तक काही ठरत नाहीये, तुम्ही ठाण्यात तिन्ही वाचलीत तर सांगा ना. व्हॉट्सॲपवर उत्तर टाइप करायला बसले आणि ते लांबतच गेलं, म्हणून आता नीटच लिहिते.

आमचा गट नौपाड्यातला, बारा जण, महिन्याआड एक रविवार सुटतोच पण बाकी नेमाने भेटतो. तिन्ही पुस्तकं मिळून आमचं दीड वर्ष गेलं.

पहिलं सेपियन्स. युव्हाल नोआ हरारी, हिब्रूत 2011 ला आलं, इंग्रजीत 2014 ला, आणि मराठी अनुवाद आहे, ही गोष्ट गटासाठी फार मोठी आहे कारण आमच्यातले तिघं इंग्रजी वाचू शकतात पण वाचायचा कंटाळा करतात, आणि मराठी प्रत हातात आल्यावर तेच तिघं सगळ्यात आधी वाचून तयार. साधारण 70 हजार वर्षांपूर्वी माणूस न दिसणाऱ्या गोष्टींवर एकत्र विश्वास ठेवायला लागला, मग 12 हजार वर्षांपूर्वी शेती, मग पैसा-साम्राज्य-धर्म, मग गेल्या 500 वर्षांतलं विज्ञान, असा सरळ रस्ता आहे. कुठेही अडकायला होत नाही. अडचण पण तीच, वाक्य इतकं ठाम येतं की त्यामागे पुरावा किती हे विचारायचं राहून जातं, आणि गटात एक तरी माणूस हवा जो दर वेळी म्हणेल की थांबा, हे कशावरून.

शेतीच्या प्रकरणाचं नावच आहे इतिहासातली सगळ्यात मोठी फसवणूक. म्हणणं असं की गहू माणसाने पाळला नाही, गव्हानेच माणसाला पाळलं, कष्ट वाढले, जेवण एकसुरी झालं, पाठी मोडल्या. आम्ही हे मोठ्याने वाचलं. आमच्यात कोपरखैरण्याचे एक दादा आहेत, घर आगरी, आधीच्या दोन्ही बैठकांना गप्प बसलेले. ते म्हणाले, माझी आजी आवणीला, म्हणजे भातलावणीला, वाकली की संध्याकाळीच सरळ व्हायची, पायाची बोटं चिखलपाण्यात कुजून पांढरी पडायची, तेव्हा मेहनतीचं मला कोणी सांगायला नको, पण ती फसली असं मी नाही म्हणणार, कारण नवी मुंबईसाठी जमीन गेल्यावर ती रोज उन्हं उतरली की आमचा बांध होता तिथे जाऊन उभी राहायची आणि तिथे तेव्हा बिल्डिंगचा पाया खणत होते. त्यानंतर दीड तास आम्ही पुस्तक उघडलंच नाही, फसवणूक कुणाच्या नजरेने मोजायची यावरच बोलत बसलो, आणि माझ्या मते ती आमची आजवरची सगळ्यात चांगली बैठक होती.

दुसरं जॅरेड डायमंड यांचं गन्स, जर्म्स अँड स्टील, 1997 चं, पुढच्या वर्षी पुलित्झर मिळालं. आम्ही इंग्रजीतच वाचलं. 1972 मध्ये न्यू गिनीत याली नावाच्या माणसाने त्यांना विचारलं होतं की तुम्हा गोऱ्यांकडे एवढा माल आणि आमच्याकडे एवढा कमी, असं का? पूर्ण पुस्तक म्हणजे या एकाच प्रश्नाचं उत्तर, त्यामुळे धागा हातातून सुटत नाही. 1532 मध्ये पेरूतल्या काहामार्का गावात स्पॅनिश सेनानी पिझारोच्या 168 माणसांनी हजारोंच्या फौजेतून इंका राजा अताहुआल्पाला पकडलं, तो भाग वाचताना अंगावर काटा येतो, आणि मग लेखक मागे मागे नेतो, घोडे कुठून आले, पोलाद कुठून, देवीची साथ स्पॅनिश लोकांच्याही आधी तिथे कशी पोचली. पाळण्याजोगे मोठे प्राणी जगात 148 होते आणि खरे पाळले गेले फक्त 14, त्यातले 13 युरोप-आशियातले. हा आकडा आमच्या गटातल्या कॉलेजच्या पोरांना इतका आवडला की त्यांनी झेब्रा का पाळता आला नाही यावर वेगळी बैठक मागितली.

पण जड आहे, बियांची आणि पिकांची प्रकरणं संथ जातात, आमचे चार जण तिथेच गळले. आणि एका काकांनी जो प्रश्न टाकला त्याचं उत्तर आम्हाला पुस्तकात समाधानकारक मिळालं नाही: गाय, म्हैस, तांदूळ, लोखंड, साथींची सवय, आपल्याकडे सगळंच होतं, मग इंग्रज इथे राज्य करून कसे गेले? पुस्तक खंडाखंडांमधला फरक सांगतं, युरोप आणि बाकी आशिया यांच्यातला फरक मात्र शेवटी थोडक्यात येतो आणि तोही मुख्यतः चीनच्या अंगाने. शिवाय सगळं भूगोलावर टाकलं की माणसांनी घेतलेल्या निर्णयांना जागा कमी उरते, हा आक्षेप मला पटतो.

तिसरं डेव्हिड ग्रेबर आणि डेव्हिड वेन्ग्रो यांचं द डॉन ऑफ एव्हरीथिंग, 2021 चं. ग्रेबर पुस्तक हातात यायच्या आधीच, 2020 मध्ये गेले. सुमारे सातशे पानं. स्पष्ट सांगते, पहिलं पुस्तक म्हणून हे घेऊ नका. आधीची दोन वाचली असली तरच यातलं भांडण कळतं, कारण हे दोघं म्हणतात की शिकारी टोळी, मग शेती, मग राजा असा एकच जिना नव्हताच, पश्चिम आशियात रानटी धान्य पेरायला लागल्यापासून ते पूर्ण माणसाळेपर्यंत तीन हजार वर्षं गेली, म्हणजे लोक शेतीत पाय घालत होते आणि काढतही होते.

हे वाचताना मला सारखं इनामगाव आठवत होतं. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी, डेक्कन कॉलेजने उत्खनन केलेलं. इ.स.पू. 1600 च्या आसपासची वस्ती, सातूची शेती, चौकोनी मोठी घरं, पाण्याचा पाट. मग इ.स.पू. 1000 च्या सुमारास हवा कोरडी होत गेली असं अभ्यासक मांडतात आणि तीच माणसं लहान गोल झोपड्यांत आली, शेती कमी, शेळ्यामेंढ्या आणि शिकार जास्त. एकदा शेतीत शिरलं की परत फिरता येत नाही हे जे सेपियन्स वाचून डोक्यात बसतं, त्याला आपल्याच पुणे जिल्ह्यातून उत्तर मिळतं, आणि तिन्ही पुस्तकांच्या लेखकांपेक्षा हे आपल्याला जवळचं आहे.

तर ताई, तुमच्या आठात दोघी फक्त मराठी वाचतात म्हणालात, म्हणून तुम्ही सेपियन्सच घ्या, पण पूर्ण नको, पहिले दोन भाग तीन बैठकांत करा, पुढचे भाग ज्यांना वाटेल ते घरी वाचतील. सोबत इनामगाववर काहीतरी मराठीत ठेवा, ठाण्यात स्टेशनच्या बाजूला मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, 1893 पासूनचं, तिथे विचारून बघा, ऐरोलीहून ट्रान्सहार्बरने येणं काही लांब नाही. गट टिकला तर दुसऱ्या वर्षी डायमंड. सगळे इंग्रजी आरामात वाचणारे असते तर मी सरळ डायमंडपासूनच सुरू करा म्हटलं असतं. ग्रेबर-वेन्ग्रोमधली शेतीवरची प्रकरणं तेवढी कोणीतरी एकाने वाचून सांगावीत, आम्ही पूर्ण वाचायचा हट्ट धरला आणि मे महिन्यात बैठकीला चारच जण उरले.

आणि शेतीच्या प्रकरणाच्या दिवशी कोणाच्या घरी भात होता, मिठागर होतं, ते आधी विचारून ठेवा आणि त्यांना पहिलं बोलू द्या, पुस्तक नंतर उघडा.