दोन आठवडे सिंगिडात: पदरमोड करून केलेल्या नेत्रशिबिराचा हिशेब

आधी आकडा सांगतो. पाचपैकी साडेतीन स्टार. चार देणार होतो, पण अर्धा बसच्या भाड्यापायी कापला. ते पुढं येईल.

माझं मिरजेत चष्म्याचं दुकान आहे, एकतीस वर्षं झाली. डोळे तपासतो, काचा बसवतो, वाकडी झालेली दांडी सरळ करून देतो आणि त्याचे पैसे घेत नाही. भाची दार-एस-सलामला असते. या शिबिराची माहिती तिनंच पाठवली. टांझानियाच्या मधल्या भागात, सिंगिडा प्रांतात, दोन आठवडे गावोगावी डोळे तपासायचे. तिकीट आपलं, वर राहण्याजेवणाची आणि गाडीची फी संस्थेला द्यायची. काम फुकट करायचं आणि त्यासाठी पैसेही आपणच भरायचे, हे आमच्या मंडळींच्या गळी उतरवायला आठवडा गेला. "दुकानाला कुलूप लावून तिकडं चष्मे वाटायला निघालात, इथं म्हैसाळच्या म्हाताऱ्यांचं काय?" प्रश्नाला उत्तर नव्हतं. तरी गेलो.

संस्थेचं नाव लिहीत नाही. माणसं मनानं चांगली आहेत आणि खटकलेलं मी लपवणार नाही, दोन्ही एकदम साधायचं तर नाव नकोच. दुसऱ्या कुठल्या संस्थेकडून जाणार असाल तरी विचारायचे प्रश्न हेच.

दार-एस-सलामपासून राजधानी डोडोमापर्यंत नवी विजेची रेल्वे झाली आहे. स्वच्छ आणि वेळेवर. पुढं बस, दोन्ही बाजूंना सूर्यफुलाची रानं. सिंगिडाच्या स्टँडवर उतरलो तर पोरं "बजाजी, बजाजी" ओरडत अंगावर आली. तिथं तीनचाकी रिक्षाला बजाजीच म्हणतात. आकुर्डीच्या कारखान्याचं नाव तिथं ऐकून ऊर भरून आला. मग रिक्षावाल्यानं दुप्पट भाडं सांगितलं आणि मिरज स्टेशनला उतरल्यासारखंच वाटलं.

पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. स्वाहिली माणसाचं घड्याळ सूर्याबरोबर सुरू होतं. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक, आपले आठ म्हणजे त्यांचे दोन. गावात सांगावा गेला होता "दोन वाजता". आमच्या छापील वेळापत्रकात ते सरळ दुपारचे दोन झाले. आम्ही निवांत चहा पीत बसलो आणि तिकडं आरोग्य केंद्राच्या अंगणात बायाबापड्या सकाळपासून ताटकळत होत्या. पोचलो तेव्हा सावली संपलेली, पोरं रडत होती. सोबतची तरुण ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे नजर तपासून नंबर काढणारी, मोशी गावच्या केसीएमसी या मोठ्या इस्पितळात शिकलेली, स्थानिक. ती आमच्याशी तासभर बोलली नाही. बरोबरच होतं तिचं. संस्था या भागात दर वर्षी येते, तरी वेळापत्रक छापण्याआधी ते कुणा टांझानियन माणसाला वाचायला दिलेलं नव्हतं. तुम्ही जाणार असाल तर विचारा, कागद कोण तपासतं?

कामाची मांडणी मात्र चोख. पहिल्या टेबलावर नर्स नजर मोजते, अक्षरांच्या तक्त्यावर नाही, चारी दिशांना तोंड केलेल्या इंग्रजी ई च्या तक्त्यावर. रेघा कुठल्या बाजूला आहेत ते हातानं दाखवायचं. जू, चीनी, कुलिया, कुशोतो: वर, खाली, उजवीकडं, डावीकडं. दुसऱ्या दिवसापर्यंत हे चार शब्द मला झोपेतही येत होते. दिसलं नाही तर पिनहोल, म्हणजे बारीक छिद्रांची पट्टी डोळ्यासमोर धरायची. छिद्रातून नजर सुधारली तर काम बहुधा चष्म्याचं, नाही सुधारली तर डॉक्टरचं. दुकानात नव्या पोराला मी पहिली हीच गोष्ट शिकवतो.

दुसऱ्या टेबलावर मी. इथं यंत्राबद्दल बोलायला हवं, कारण संस्थेच्या माहितीपत्रकात त्याचा फोटो सगळ्यांत मोठा आहे. हातात धरायचं ऑटोरिफ्रॅक्टर, डोळ्यासमोर नेलं की काही सेकंदांत नंबर. मोठ्या माणसांना ठीक. मुलांना नाही. पोरगं यंत्रात बघताना जवळची वस्तू बघितल्यासारखा डोळ्यावर ताण देतं आणि यंत्र बेधडक उणे नंबर दाखवतं. शाळेच्या वर्गात नऊ-दहा वर्षांच्या एका मुलाला उणे सव्वा लिहून झालं होतं, चष्माही काढून ठेवलेला. मी त्याला लांब फळ्याकडं बघायला लावलं आणि रेटिनोस्कोप धरला, म्हणजे डोळ्यात उजेडाची रेघ फिरवून हातानं नंबर काढायची बॅटरी. नंबर काहीच नव्हता. वर अंगणातल्या उन्हात यंत्र वारंवार चूक दाखवून बंद पडायचं, बॅटरी दुपारी मान टाकायची. माझा रेटिनोस्कोप तेवीस वर्षांचा आहे, दांडीला चिकटपट्टी गुंडाळलेली. तो, ट्रायल बॉक्स (नंबर लावून बघायच्या सुट्या काचांची पेटी) आणि थोडा अंधार एवढं मिळालं की झालं. अंधारासाठी नर्सनं खिडकीला कांगा बांधून दिला. कांगा म्हणजे तिथल्या बायका नेसतात ते छापील कापड, त्याच्या काठाजवळ एक वाक्य छापलेलं असतं, म्हण किंवा टोमणा. एका आजीला चष्मा घातल्यावर काय वाचून बघू असा प्रश्न पडला, तर तिनं शेजारणीच्या कमरेचं वाक्य मोठ्यानं वाचलं. अख्खी ओळ हसली, शेजारीण सोडून.

आता तिसरं टेबल, आणि माझी खरी तक्रार.

संस्थेनं जुन्या चष्म्यांची पोती आणली होती. लोकांनी दान केलेले, धुऊन, नंबर लिहून, पिशव्यांत भरलेले. फोटो छान येतो. पण चष्मा म्हणजे चप्पल नव्हे. प्रत्येक डोळ्याचा नंबर वेगळा, त्यात सिलिंडर, म्हणजे एकाच दिशेला लागणारा तिरपा नंबर, त्या सिलिंडरचा अक्ष, दोन बाहुल्यांमधलं अंतर. परदेशातल्या कुणा आजोबांचा बायफोकल सिंगिडाच्या शेतकऱ्याला कसा जुळणार? एका पोत्यातले साधारण दोनशे मी एका संध्याकाळी लेन्सोमीटरखाली, म्हणजे काचेचा नंबर मोजायच्या यंत्राखाली घातले. द्यावेत असे अकरा निघाले. बाकीच्यांना चरे, नाहीतर नंबर असे की त्याची जोडी असलेला दुसरा माणूस जन्माला यायचा आहे. एवढं वजन समुद्रापार आणायचा खर्च कुणाच्या खात्यावर लिहायचा?

त्याच टेबलाच्या खाली खोक्यात तयार चाळिशीचे चष्मे होते. दोन्ही काचा सारख्या, अधिक एकपासून साडेतीनपर्यंत, प्लास्टिकची साधी फ्रेम. शिबिराचं निम्म्याहून जास्त काम यांनी केलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अहवालात आहे, जगात ८२ कोटींहून जास्त माणसं अशी की जवळचं दिसत नाही आणि त्यांना चाळिशी मिळालेली नाही. म्हणजे ऑपरेशन नको, औषध नको, आपल्याकडं रस्त्यावरही मिळते ती वस्तू. अधिक दीड, दोन आणि अडीच पहिल्या आठवड्यातच संपले. साडेतीनचे तसेच परत आले. पुढच्या खेपेला दोनचे तिप्पट आणा असं मी लिहून दिलं आहे. शिंपी तर आलेच, तिथं त्यांना फुंडी म्हणतात (गवंडी, मेकॅनिक, सगळेच फुंडी), पण मला लक्षात राहिल्या त्या घेवड्याचे दाणे निवडणाऱ्या बाया. एकीनं चष्मा लावला, पिशवीतून मूठभर दाणे काढले, तळहातावर पसरले, दोन खडे उचलून माझ्या टेबलावर ठेवले आणि काही न बोलता निघून गेली. खडे मी मिरजेला आणलेत.

मोतीबिंदूला स्वाहिलीत म्हणतात म्तोतो वा जीचो, डोळ्यातलं मूल. ऐकून दचकलो, मग आठवलं, आपणही डोळ्यातल्या काळ्या ठिपक्याला बाहुली म्हणतोच की. मोतीबिंदूचे रुग्ण भरपूर निघाले. काही तर टॉर्च लावायचीही गरज नाही असे, बाहुली दुधासारखी पांढरी. त्यांचं ऑपरेशन शिबिरात होत नाही, आणि होऊही नये. त्यांना डोडोमाला पाठवायची चिठ्ठी देतात. माझा अर्धा स्टार इथं गेला. ऑपरेशनमध्ये डोळ्यात बसवायच्या लेन्सच्या किमतीचा अडसर आता पूर्वीसारखा उरलेला नाही. आपल्या मदुराईची ऑरोलॅब १९९२ पासून स्वस्त लेन्स बनवते आणि त्या शंभराहून जास्त देशांत जातात. अडतं ते बसच्या तिकिटापाशी. रुग्णाचं तिकीट, बरोबर येणाऱ्या मुलीचं तिकीट, तिथं दोन दिवस राहायचं, मागं शेळ्या कोण बघणार. एका म्हाताऱ्या बाबांनी चिठ्ठी नीट घडी करून टोपीत ठेवली. टोपीत आधीची एक चिठ्ठी होतीच, मागच्या वर्षीच्या शिबिराची. मी संस्थेच्या माणसाला विचारलं, स्वयंसेवकांच्या फीमधून चार माणसांचं तिकीट निघत नाही का? तो म्हणाला, त्यासाठी वेगळं खातं नाही. माझ्या फीमध्ये शेवटच्या दिवशीच्या जंगल सफारीचे पैसे धरलेले होते. सफारीला मी गेलो नाही, पण पैसेही परत मिळाले नाहीत.

मुलांच्या डोळ्यांबद्दल थोडक्यात: खाज सुटून लाल झालेले, चोळून चोळून बुबुळाभोवती तपकिरी कडा आलेली, आणि घरात दुकानातून आणलेले स्टेरॉइडचे थेंब. हे मिरजेतही बघतो. त्या थेंबांनी आराम पडतो आणि आतून डोळ्याचा दाब वाढतो. मोशीवाल्या मुलीनं आयांना जे काही झापलं त्याचं भाषांतर मागायची गरज पडली नाही. खुपऱ्यांचे दोन-तीन रुग्ण होते, पापणीचे केस आत वळलेले. ते तिनंच बघितले.

आणखी एक गोष्ट, दुकानदार म्हणून. सिंगिडा गावात एक चष्मेवाला आहे. छोटं दुकान, हातानं काच घासायचं यंत्र. आमची गाडी त्याच्या दुकानासमोरून रोज जायची आणि तो दारात उभा राहून बघायचा. ती नजर मी ओळखतो. मिरजेत माझ्या दारासमोर कुणी मांडव घालून फुकट चष्मे वाटले तर मी काय करीन? चौथ्या दिवशी मी त्याच्याकडं गेलो. त्यानं खुर्ची दिली, चहा मागवला. तो पस्तिशीचा, त्यामुळं मला "शिकामू" म्हणाला, हा मोठ्यांना करायचा नमस्कार. उत्तर "मराहाबा" असतं. मी घाईत त्यालाच उलट शिकामू म्हटलं आणि त्याला हसू आवरेना. मग बोलणं सोपं झालं. फुकटचा चष्मा तुटला की लोक दुरुस्तीला माझ्याकडं येतात, स्क्रू माझ्याकडं नसतो, आणि वाईट मी ठरतो, असं तो म्हणाला. सिलिंडरचे आणि मोठ्या नंबरचे जे चष्मे पोत्यातून निघणार नव्हते ते त्याच्याकडून करून घ्यावेत आणि त्याला पैसे द्यावेत, हे मी संस्थेकडं लावून धरलं. त्यांनी मानलं, हे त्यांच्या बाजूनं लिहायलाच हवं. उरलेले चाळिशीचे चष्मेही जाताना त्याच्याकडं ठेवले, किरकोळ किमतीला विकायला. एक छोटा डबा स्क्रू मी माझ्याकडचे दिले.

जेवण: उगाली (मक्याच्या पिठाची घट्ट उकड), राजमा, पालेभाजी, कधी चपाती. ती चपातीच म्हणतात, पण पराठ्यासारखी असते. तिखटाची सवय असेल तर चटणी बरोबर न्या. राहायची जागा साधी, मच्छरदाणी धड. पाणी सकाळी एक तास. ऑप्टोमेट्रिस्ट म्हणून तिथं काम करायची परवानगी आपल्याला काढावी लागत नाही, संस्था काढते. आमची दोन दिवस उशिरा आली आणि तेवढा वेळ मी फक्त स्क्रू आवळत बसलो होतो.

कुणी जावं? ज्याला हातानं नंबर काढता येतो त्यानं. विद्यार्थ्यांनी आधी एक वर्ष कुठल्यातरी दवाखान्यात घासून मग जावं. फोटोसाठी जाणाऱ्यांना जुन्या चष्म्यांचं पोतं पुरेल.

फी दोन हप्त्यांत घेतात. सफारी नको असेल तर पहिल्या हप्त्याआधीच लेखी कळवा आणि तेवढे पैसे डोडोमाच्या तिकिटांसाठी धरा म्हणून सांगा. मी जानेवारीत तसं पत्र पाठवलं आहे. अजून उत्तर आलेलं नाही. आलं की इथं खाली लिहीन आणि तो अर्धा स्टार परत देईन.