नॉर्डिक वॉकिंगच्या काठ्या, अकरा महिन्यांनी

आधी माझ्या शरीराचा हिशेब देते, म्हणजे पुढचं आपल्या कामाचं आहे का ते तुम्हाला ठरवता येईल. वय ६३, उंची १५४ सेंटिमीटर, काठ्या घेतल्या तेव्हा वजन ७१ किलो. दोन्ही गुडघ्यांची झीज, उजवा जास्त. शिवाय दोन्ही अंगठ्यांच्या मुळाशी संधिवात. बावीस वर्षं पोळीभाजी केंद्र चालवलं. गुडघे ओट्याशी उभं राहून गेले आणि अंगठे कणकेत, असं मी समजते. एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले, ‘ऑपरेशनची घाई नको, पण चालणं सोडू नका.’

सांगायला काय जातंय! घरापासून बसस्टॉप सहाशे मीटर, तेवढ्यात मी दोनदा टेकायची. एकदा किराणा दुकानाच्या कट्ट्यावर आणि एकदा कुणाच्या तरी स्कूटरला.

गेल्या एप्रिलमध्ये लेकीकडे म्युनिकला गेले. तिथे ईझार नदीच्या काठाने माझ्याहून थोराड बायका दोन्ही हातांत काठ्या घेऊन झपाझप जाताना दिसायच्या. मला वाटलं, बिचाऱ्या अधू असतील. मग लेकीने समजावलं. हे मूळचं फिनलंडचं. तिथले स्कीवाले बर्फ नसलेल्या दिवसांत काठ्या घेऊन सराव करायचे, त्यातून हा प्रकार निघाला. १९९७ साली खास चालण्यासाठीच्या काठ्या तिथे बाजारात आल्या आणि नॉर्डिक वॉकिंग हे नाव रूढ झालं. जर्मनीत प्रौढांसाठीच्या सार्वजनिक शिकवणी वर्गांत त्याचे कोर्स असतात. लेकीने माझं नाव घातलं. सहा तास. बाई जर्मनमधून बोलायच्या, मी त्यांचे हात बघायची.

पहिल्या दिवशी त्यांनी काठ्या धरूच दिल्या नाहीत. मनगटाला पट्टा बांधायचा, हात सैल सोडायचे आणि काठ्या मागे फरपटत नुसतं चालायचं. दहा मिनिटांनी हात आपोआप पायांच्या उलट हलायला लागतात: डावा पाय, उजवा हात. मग हस्तांदोलनाला करतो तसा हात पुढे न्यायचा. काठी तिरकीच राहते आणि तिचं टोक शरीराच्या पुढे नाही, तर मागच्या बाजूला टेकतं. तिथून मागे रेटायचं. हात कमरेच्या पलीकडे गेला की मूठ उघडायची. काठी पडत नाही, कारण ती पट्ट्याला अडकलेली असते.

सगळी गोम त्या उघडणाऱ्या मुठीत आहे. आपल्याकडे काठी म्हटलं की पुढे टेकवून तिच्यावर भार टाकायचा, आणि मूठ आवळलेली. तसं चालले तर अर्ध्या तासात माझे अंगठे ठणकतात. इथे जोर तळव्यातून पट्ट्यावर जातो, बोटं दर पावलाला सुटतात. अंगठ्याचा संधिवात असून मी हे करू शकते ते त्यामुळेच. ट्रेकिंगच्या साध्या काठ्यांचा पट्टा नुसता फासासारखा असतो, त्यात हे जमत नाही. लेकीच्या जुन्या ट्रेकिंग काठ्या घेऊन मी पाहिलंय. नॉर्डिकचा पट्टा अर्ध्या हातमोज्यासारखा असतो, अंगठ्याला वेगळं भोक असलेला.

आता वस्तूबद्दल. मी अ‍ॅल्युमिनियमच्या, लांबी कमीजास्त होणाऱ्या काठ्या घेतल्या, ६० युरोला जोडी. कार्बनच्या एकसंध काठ्या हलक्या आणि कमी थरथरणाऱ्या, पण त्या सुटकेसमध्ये मावेनात, आणि विमानात काठ्या हातात घेऊन बसू देत नाहीत. लांबीचा हिशेब म्हणजे उंची गुणिले ०.६८ किंवा थोडं कमी. माझी १०५ येत होती. पण १०५ला माझे खांदे वर चढायचे आणि मान धरायची. १०० केली, सुधारलं. संधिवाताच्या माणसाने थोडी आखूडच घ्यावी असं माझं मत.

आणि लांबी पक्की करायचं कुलूप बघून घ्या. दोन प्रकार असतात, पिळून घट्ट करायचं आणि खटका दाबायचं. मी पिळायचं घेतलं, दुकानात लेकीने पिळून दाखवलं म्हणून. घरी मला ते जन्मात सुटेना. पुण्यात आल्यावर तर शेजारच्या पोराला हाक मारायची वेळ आली. अंगठे दुखणाऱ्यांनी खटक्याचंच घ्यावं. हा माझा स्वतःचा मूर्खपणा.

जुलैपासून पुण्यात चालतेय. आठवड्यातून चार दिवस, सकाळी तळजाईच्या टेकडीवर. वर पठारावर मुरमाचा रस्ता आहे, तिथे काठीच्या टोकावरचं रबर काढून धातूचं टोक वापरते, मस्त रुतून बसतं. सोसायटीपासून टेकडीपर्यंत डांबर आणि पेव्हर ब्लॉक, तिथे काठ्यांच्या टोकांना रबरी बूट चढवावे लागतात. हे बूट बुटासारखेच असतात, आणि त्यांचं नाक मागे यायला हवं. मी तीन आठवडे नाक पुढे करून चालत होते आणि काठी घसरते म्हणून काठीला शिव्या देत होते. चार महिन्यांत पहिली जोडी झिजली. एके दिवशी टक्‌टक्‌ ऐकू यायला लागलं, बघते तर तळातून लोखंड डोकावतंय. मेडिकलच्या दुकानातून कुबडीचं गोल रबर आणून बसवलं. ते कामाचं नाही. कुबडी सरळ टेकते, ही काठी तिरकी. गोल रबराची नुसती कड जमिनीला लागते आणि सटकते.

पावसाळ्यात ऑगस्टमध्ये एक प्रसंग झाला. दोन ब्लॉकांमधल्या फटीत उजवी काठी अडकली, मी पुढे, हात मागे, आणि पट्टा काही सुटेना. पडले नाही, पण खांदा पंधरा दिवस दुखत होता. काठी हातात धरून पडलं तर अंगठ्याचा सांधा दुखावतो, स्कीवाल्यांना होणारी ती ठरावीक दुखापत आहे असं फिजिओथेरपिस्टबाईंनी नंतर सांगितलं. तेव्हापासून फुटपाथवर आणि रस्ता ओलांडताना मी पट्टे सोडते आणि काठ्या एका हातात उचलून घेते. पट्ट्याला घामाचा वास येतो तो वेगळाच. दर रविवारी साबणाने धुते.

कुत्री हा पुण्याचा खास विषय. त्यांना वाटतं मी दगड-काठी घेऊन त्यांच्यावरच निघालेय. पहिला महिना कोपऱ्यावरची चारही जण मला टेकडीच्या पायथ्यापर्यंत भुंकत पोचवायची. काठी उगारायची नाही, टोकं खाली ठेवून हळू जायचं, बिस्किटाचा तुकडा टाकायचा. आता फक्त तपकिरी भुंकतो, तोही बसल्या बसल्या. माणसांना सवय व्हायला जास्त वेळ लागला. ‘काकू, पाय मोडला का?’ हे रोज. वॉचमन विचारायचा, ‘आज बर्फ पडणार काय?’ गंमत म्हणजे म्युनिकमध्येही टवाळ पोरं हेच विचारतात, स्की घरी विसरलात का म्हणून.

गुडघ्यांचं काय झालं? काठ्यांच्या वेष्टनावर ‘गुडघ्यावरचा भार ३० टक्के कमी’ अशा थाटाचे दावे असतात. त्यावर जाऊ नका. फिजिओबाईंनी सरळ सांगितलं की सपाटीवर मोजमापं केली तेव्हा भार दर वेळी कमी झालेला दिसत नाही. टेकडी उतरताना मात्र काठ्यांचा खरा आधार होतो. मलाही तसंच जाणवतं. तळजाईच्या उतारावर मी काठ्या थोड्या लांब करून पुढे टेकवते. तिथे ते नियमभंग वगैरे काही नाही.

फरक पडला तो दुसरीकडून. दोन बाजूंना आधार आहे म्हणून लंगडणं कमी झालं, पाठ ताठ राहिली, पडायची भीती गेली, आणि मग अंतर वाढत गेलं. आता साडेतीन किलोमीटर, पन्नास मिनिटं, मध्ये एकदा पाणी प्यायला थांबते. वजन ६७. दुखण्याची गोळी पूर्वी जवळजवळ रोज लागायची, आता आठवड्याला एखादी. यातलं किती श्रेय काठ्यांचं आणि किती मांड्यांच्या व्यायामाचं, मला वेगळं काढता येणार नाही. ते व्यायाम मी सोडलेले नाहीत. जिना अजून दुखतो. मांडी घालून बसणं गेलं ते गेलंच, सत्यनारायणाला मी खुर्चीवर. झीज भरून येत नाही, कुणी तसं सांगून काठ्या विकत असेल तर पैसे देऊ नका.

माझ्या जाऊबाईंना आमवात आहे, त्यांनीही हौसेने माझी जोडी नेली. बरे दिवस असले की त्या वीस मिनिटं चालायच्या. पण मनगटं सुजली की पट्ट्याचा दाबही सोसवेना. दोन महिन्यांनी काठ्या परत आणून दिल्या, सोबत डबाभर चिवडा. त्यांच्या डॉक्टरांनी सूज असलेल्या दिवसांत विश्रांतीच घ्यायला सांगितलंय, आणि ते बरोबरच आहे. तुमचा वात कुठल्या जातीचा आहे हे आधी डॉक्टरांना विचारा, काठ्या नंतर.

शिकवणारं कुणी नसेल तर पहिले आठ दिवस फरपटण्याचा सराव तेवढा करा, मोकळ्या मैदानात, कुणी बघत नसताना. आणि रबराच्या दोन जोड्या काठ्यांबरोबरच घेऊन ठेवा. माझी दुसरी जोडी आता संपत आलीय, लेक मे महिन्यात येतेय, तिला चार आणायला सांगितल्यात. शिवाय खटक्याच्या कुलपाची नवी काठी. ही जुनी जोडी शेजारच्या पोराला देईन म्हणते, त्याच्याइतकी ती कुणालाच उघडता येत नाही.