न्यूफाउंडलंड की नोव्हा स्कोशिया?

टोरांटोतली मावसबहीण विचारते, "दादा, जूनमध्ये आठ दिवस सुट्टी आहे, कुठे जाऊ?" कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरचे दोन पर्याय समोर आहेत: न्यूफाउंडलंड बेट आणि नोव्हा स्कोशिया प्रांत. जाहिरातींतला निळा समुद्र दोन्हीकडे सारखाच, तो सोडून देऊ.

अंतराच्या बाबतीत नोव्हा स्कोशिया आटोपशीर. हॅलिफॅक्सला उतरायचं, गाडी घ्यायची आणि केप ब्रेटन बेटावरचा २९८ किलोमीटरचा कॅबट ट्रेल हा रस्ता सावकाश फिरायचा. न्यूफाउंडलंड आडवंतिडवं आहे. सेंट जॉन्सहून पोर्ट ओ बास्कपर्यंत हायवेच सुमारे ९०० किलोमीटर, त्यात अंधार पडला की मूस हे भलंमोठं हरीण आडवं येतं. १९०४ मध्ये बाहेरून मोजके आणून सोडले होते, आता लाखाच्या घरात आहेत!

निसर्गात मात्र माझं मत न्यूफाउंडलंडला. जूनमध्ये ट्विलिंगेटसमोर हिमनग तरंगताना दिसू शकतात. एलिस्टनच्या कड्यावर गवतात गप्प बसायचं. केशरी चोचीचे गुबगुबीत पफिन हे समुद्रपक्षी बिळांतून बाहेर येतात. ग्रोस मॉर्न राष्ट्रीय उद्यानातही 'टेबललँड्स' आहेत, पण पाचगणीसारखी घोडागाडी नाही. तो पृथ्वीच्या प्रावरणातून, म्हणजे कवचाखालच्या थरातून, वर आलेला तांबूस खडक, त्यावर झाडझाडोरा जेमतेम.

नोव्हा स्कोशियाचं उत्तर म्हणजे फंडीची खाडी. बर्नटकोट हेडला भरती-ओहोटीचा फरक १६ मीटरपर्यंत जातो. सकाळी चाललात तिथे सहा तासांनी चार-पाच मजली इमारत बुडेल.

संस्कृती? केप ब्रेटनला स्कॉटिश गेलिक भाषेतली गाणी, फिडल म्हणजे व्हायोलिन. न्यूफाउंडलंड १९४९ मध्ये कॅनडात आलं, आणि घड्याळ आपल्यासारखंच अर्ध्या तासाच्या फरकाचं.

पोरं बरोबर असतील तर नोव्हा स्कोशिया. दोघंच असाल तर न्यूफाउंडलंड, पण एकच टोक निवडा.