इव्हो ८ ला एचकेएसचे २७२ कॅम: टर्बो गाडीत कॅम बदलून पैसे वसूल होतात का?

सगळ्यात आधी उत्तर देऊन टाकतो. गाडी मित्सुबिशी लॅन्सर इव्होल्यूशन ८ (इव्हो ८) किंवा त्याच ४जी६३ इंजिनवाली असेल आणि ट्यून (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग), एक्झॉस्ट, फ्युएल पंप ही कामं आधीच झालेली असतील तर कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारे दांडे, टाकाच, पैसे पुरेपूर वसूल होतात. गाडी शोरूममधून आली तशीच असेल तर आत्ता नको, आधी ते बाकीचं करून घ्या.

माझी गाडी २००३ ची, अमेरिकन मॉडेल, कंपनीच्या कागदावर २७१ हॉर्सपॉवर. टर्बो अजूनही कंपनीचाच आहे आणि पेट्रोल पंपावर मिळतं ते ९३ ऑक्टेन. त्यावर एचकेएस या जपानी पार्ट कंपनीचे २७२ बसवले, इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही. २७२ म्हणजे क्रँक किती अंश फिरेपर्यंत व्हॉल्व्ह उघडा राहतो तो आकडा, याच इंजिनसाठी त्यांचे २६४ आणि २८० पण मिळतात.

फरक सगळा ५००० आरपीएमच्या (मिनिटाला इंजिनच्या फेऱ्या) वर आहे. आधी गाडी साडेतीन हजाराला जबरदस्त उचलायची पण साडेसहाच्या आसपास दम संपायचा, म्हणजे आवाज वाढतोय पण वेग त्या मानाने वाढत नाही असं व्हायचं, आता तीच गाडी ७००० च्या पुढेही ओढत राहते आणि गिअर टाकला की पुढचा गिअर बरोबर ताकदीच्या पट्ट्यात येऊन बसतो. डायनोवर (ताकद मोजायचं मशीन) त्याच बूस्टला, म्हणजे टर्बोच्या हवेच्या त्याच दाबाला, वरच्या टोकाला पंचवीस-तीस हॉर्सपॉवर जास्त आले. टॉर्कचा सगळ्यात मोठा आकडा जवळपास आहे तिथेच आहे, पण आधी तो वर जाऊन जो धपकन खाली यायचा तो आता टिकतो.

आता नेहमीचा प्रश्न, टर्बो हवा दाबून भरतोच की, मग कॅमचं काय काम, बूस्ट वाढवा ना! यात लोक एक गोष्ट विसरतात, बूस्ट गेजवर दिसतो तो व्हॉल्व्हच्या बाहेरचा दाब, सिलिंडरमध्ये हवा किती शिरली ते गेज सांगत नाही. ७००० आरपीएमला इनटेकचा एक स्ट्रोक जेमतेम सव्वाचार मिलिसेकंदांचा असतो, तेवढ्यात व्हॉल्व्ह उघडून, हवा आत जाऊन, परत बंद व्हायचा. व्हॉल्व्ह थोडा जास्त वेळ आणि जास्त उंच उघडला तर त्याच बूस्टला जास्त हवा आत जाते. छोट्या टर्बोला बूस्ट वाढवायला लावलं की तो हवा तापवायला लागतो, मग नॉक येतो, म्हणजे आतलं मिश्रण आपोआप भडकतं, मग स्पार्कचं टायमिंग मागे घ्यावं लागतं आणि हातात काहीच येत नाही. पंपाच्या पेट्रोलवर चालवणाऱ्यांनी कॅमचा विचार करायचा तो यासाठी.

पण मोठे कॅम म्हणजे जास्त ओव्हरलॅप, म्हणजे इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे असण्याचा काळ वाढतो. छोट्या टर्बोच्या मागे एक्झॉस्ट मॅनिफोल्डमधला दाब वरच्या आरपीएमला बूस्टच्या दीडपट-दुप्पट सहज होतो, आणि मग त्या ओव्हरलॅपमध्ये जळलेला गरम धूर उलटा सिलिंडरमध्ये घुसतो. म्हणूनच जुने लोक सांगायचे की टर्बोला मोठे कॅम लावू नका. इव्होमध्ये ते चालतं याचं एक मोठं कारण ट्विन स्क्रोल टर्बो. फायरिंग ऑर्डर १-३-४-२, आणि १-४ चा एक्झॉस्ट वेगळ्या वाटेने, २-३ चा वेगळ्या वाटेने टर्बाइनपर्यंत जातो, त्यामुळे एका सिलिंडरचा धक्का शेजारच्याच्या ओव्हरलॅपमध्ये येऊन आदळत नाही. मला या इंजिनातली ही गोष्ट सगळ्यात जास्त आवडते, ज्यांनी डिझाइन केलं त्यांना मनापासून सलाम.

तोटे पण आहेत. टर्बो दोन-तीनशे आरपीएम उशिरा जागा होतो, शहरात तिसऱ्या गिअरमध्ये रेंगाळताना ते कळतं. आयडलला गाडी थोडी हलते, ट्यून करताना आयडल हजाराच्या आसपास न्यावा लागला. बायकोला गाडी बंद पडतेय असं वाटलं, मला तो आवाज फार आवडतो. कॅलिफोर्नियात राहत असाल तर तिथल्या कार्बची (हवा प्रदूषणावर नियंत्रण ठेवणारं सरकारी मंडळ) मान्यता असलेला पार्ट असल्याशिवाय रस्त्यावरच्या गाडीत हे चालत नाही, घेण्याआधी बघा.

बसवायच्या कामाबद्दल. ४जी६३ बेल्टवालं इंजिन आहे आणि टायमिंग चुकलं की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात, त्यामुळे घाई करणाऱ्या माणसाच्या हातात देऊ नका. कॅम बाहेर काढायला टायमिंग बेल्ट सोडवावाच लागतो, म्हणून तो बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप आणि बॅलन्स शाफ्टचा छोटा बेल्ट तेव्हाच बदला, तो छोटा तुटला तर मोठ्यात अडकून सगळं इंजिन घेऊन जातो. रॉकरला रोलर असल्यामुळे जुन्या पद्धतीच्या कॅमसारखं ब्रेक-इनचं (नवा कॅम सुरुवातीला जपून चालवून बसवायचं) टेन्शन नाही. स्प्रिंग मी बदलल्या. कंपनीच्या स्प्रिंगवर २७२ चालवणारे भरपूर आहेत, पण दीड बारचा बूस्ट ३४ मिलिमीटरच्या इनटेक व्हॉल्व्हला मागून साडेतेरा किलोच्या आसपास जोर लावतो, तोही उघडायच्या दिशेने, आणि मला गाडी ७५०० पर्यंत न्यायची होती.

ट्यूनशिवाय कॅम टाकणं म्हणजे पैसे अर्धे वाया. इव्होचा एअरफ्लो सेन्सर जास्त हवा मोजतो खरा, पण इग्निशन, बूस्ट, आयडल सगळं परत बसवावं लागतं. कॅम, स्प्रिंग, मजुरी आणि ट्यून धरून दीड-दोन हजार डॉलर धरून चाला.

पुण्याहून भाऊ आणि त्याचे मित्र हाच प्रश्न चाकणमध्ये बनणाऱ्या व्हर्टस आणि स्लाव्हियाच्या १.० टीएसआयबद्दल विचारतात. ९९९ सीसी, ११५ पीएस. अरे बाबांनो, त्या गाडीत वरच्या टोकाला दम घोटतो तो चिमुकल्या टर्बोचा, कॅम कितीही चांगले आणलेत तरी धूर बाहेर जायची वाट तेवढीच राहणार आणि वर मी म्हटलं तसा उलटा घुसणार, शिवाय वॉरंटी जाईल ते वेगळंच. ऑक्टाव्हिया व्हीआरएस २३० वाल्यांनाही तेच सांगेन, आधी रिमॅप (म्हणजे ट्यूनच), मग डाउनपाइप (टर्बोनंतरचा एक्झॉस्टचा पाइप), मग मोठा टर्बो, आणि तरीही ७००० ला दम तुटत असेल तर कॅमचा विषय काढा.

इव्होवाल्यांनी मात्र ६०,००० मैलांचा बेल्ट बदलायची वेळ आली की त्याच कामात कॅम उरकून घ्या, मजुरी एकदाच लागते. २८० च्या मोहात कंपनीच्या टर्बोवर पडू नका, खालचं सगळं जाईल आणि वर तो टर्बो तेवढा पुरवू शकणार नाही. रोज ऑफिसला नेणार असाल तर २६४, वीकेंडला ट्रॅकवर जाणार असाल तर २७२.