कंपनी फिटेड साऊंड, कमी बजेट: काही महिने वापरल्यावर काय पटलं, काय नाही

निकाल आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना एवढं लांबलचक वाचायचं नाही त्यांची सुटका. गाडीतला आवाज सुधारायला पैसे मोजकेच असतील तर ते पुढच्या दोन दारांत घाला, स्पीकर आणि डॅम्पिंग (पत्र्याची थरथर थांबवणारी चिकट शीट) दोन्ही मिळून. मागचे स्पीकर, डिक्कीतला मोठा सब (फक्त बेस वाजवणारा सबवूफर), चकचकीत टचस्क्रीन, हे सगळं नंतर बघता येतं आणि खरं सांगायचं तर बऱ्याच जणांना नंतरही लागत नाही.

माझ्या गाडीत काय आहे ते सांगते. स्टिरिओ कंपनीचाच ठेवलाय. पुढच्या दारांत साडेसहा इंची कॉम्पोनंट सेट, म्हणजे जाड आवाजाचा वूफर दारात आणि बारीक आवाजाचा ट्विटर वेगळा, आरशाजवळच्या तिकोनी प्लास्टिकमध्ये. दोन्ही दारांना ब्यूटाइल रबराची डॅम्पिंग शीट. आणि थोड्या दिवसांनी ड्रायव्हर सीटखाली आठ इंची अ‍ॅक्टिव्ह सब, ज्यात अ‍ॅम्प (आवाजाला ताकद देणारा भाग) आतच असतो. मागे कंपनीचेच स्पीकर आहेत, त्यांना बोटही लावलेलं नाही.

काढलेला कंपनीचा स्पीकर हातात घेतला की अर्धा खुलासा तिथेच होतो. प्लास्टिकची फ्रेम, कागदाचा कोन (हलणारा पडदा), मॅग्नेट एवढासा. बोलण्याचा आवाज त्यावर छान येतो, बातम्या ऐकणाऱ्याला काही कमी वाटणार नाही, पण बासरी आणि तबला एकत्र आले की दोघांचा मिळून एकच गोळा होतो. आणि एक गंमत, बऱ्याच गाड्यांत व्हॉल्यूम वाढवत गेलं की स्टिरिओ स्वतःच बेस कमी करत जातो, ते बारके स्पीकर फाटू नयेत म्हणून कंपनीनेच तसं ठेवलेलं असतं. त्यामुळे नुसते स्पीकर बदलून मोठ्या आवाजात धमाका होईल अशी आशा धरू नका, स्टिरिओ त्याच्या सवयीनेच वागणार. माझ्या गाडीत हा प्रकार सौम्य आहे म्हणून चाललं.

आता वॅटचं गौडबंगाल, कारण सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. स्टिरिओवर ५० वॅट गुणिले ४ असं छापलेलं असतं. इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४.४ व्होल्ट असतात, स्पीकर ४ ओमचा, १४.४ चा वर्ग करा आणि ४ ने भागा, उत्तर ५२ च्या आसपास येतं. झाला तो ५० वॅट. पण हे आवाज पूर्ण फाटलेला असतानाचं गणित आहे, स्वच्छ आवाज म्हणाल तर एका चॅनलला १८-२० वॅट आरएमएस (सतत टिकणारी पॉवर) मिळाले तरी खूप. म्हणून स्पीकर निवडताना बॉक्सवरचा मोठ्ठा 'मॅक्स' आकडा बघायचाच नाही, आरएमएस बघायचा आणि त्याहून जास्त सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच पॉवरला स्पीकर किती मोठा वाजतो ते, बघायची. ३ डेसिबलचा फरक म्हणजे तेवढ्याच आवाजाला निम्मी पॉवर लागते. ८८ डेसिबलचा भारदस्त स्पीकर कंपनीच्या स्टिरिओवर झोपा काढतो आणि ९२ चा साधासा स्पीकर तिथेच खणखणीत वाजतो. मी ९२ वाला घेतला आणि वेगळा अ‍ॅम्प न लावता आजवर अडलेलं नाही.

स्पीकर बसवताना सरळ भोकात भोक बसेल असं समजू नका. खोली मोजा, काच पूर्ण खाली करून मोजा, नाहीतर काच मॅग्नेटला घासते. बहुतेक वेळा मध्ये स्पेसर रिंग लागते आणि ती प्लास्टिकची बरी, साधा एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा बोर्ड) दारातल्या ओलीने फुगतो. वायर कापू देऊ नका, गाडीप्रमाणे कपलर मिळतात, प्लग काढा प्लग लावा. फिटरकडून काम झाल्यावर प्लस-मायनसची खात्री करून घ्या. एक बाजू उलटी लागली तर दोन्ही स्पीकर वाजतात, बिघडलंय असं वाटतही नाही, फक्त बेस गायब होतो आणि गाणारा मधोमध न दिसता कुठेतरी पसरलेला वाटतो. बॅलन्स पूर्ण एका बाजूला नेल्यावर बेस भरल्यासारखा वाटला आणि मध्यावर आणल्यावर पातळ झाला, तर उलटंच लागलंय समजा.

आणि आता डॅम्पिंग, ज्यावर लोक सगळ्यात कमी खर्च करतात. घरातल्या स्पीकरला लाकडी खोकं असतं, गाडीत ते काम दार करतं, आणि दार म्हणजे पातळ पत्रा, आतल्या बाजूला मोठमोठी भोकं आणि वर प्लास्टिकचा पॅड. स्पीकरच्या मागून निघालेला आवाज त्या भोकांतून पुढे येतो आणि पुढच्या आवाजाला खाऊन टाकतो, बेस जातो तो इथे. बाहेरच्या पत्र्यावर आतून शीट लावायची, तीही सगळीकडे थापायची गरज नाही, पाव ते तृतीयांश भाग झाकला तरी पत्र्याची थरथर थांबते. मग आतल्या पत्र्याची भोकं बंद करायची. पत्रा आधी आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसून घ्यायचा, शीट रोलरने दाबून बसवायची. दाराच्या तळाशी पाणी जायची भोकं असतात ती उघडीच राहिली पाहिजेत, पावसाचं पाणी काचेवरून दारात उतरतंच, ते अडलं तर दार आतून गंजेल. लॉकच्या दांड्या आणि काचेची रेल पण मोकळी.

शीट घेताना ब्यूटाइलच घ्या. स्वस्तात मिळणारी डांबराची असते, उन्हात तापली की वास मारते आणि खाली सरकते. माझ्या शीट भर उन्हाळ्यातून गेल्या, मध्ये एकदा काचेच्या कामासाठी पॅड उघडला तेव्हा जागच्या जागी होत्या. वरून बोनस म्हणजे दार बंद करतानाचा टिनपाट आवाज गेला आणि टायरचा आवाजही थोडा दबला. आधी-नंतर ऐकलं तर नुसत्या स्पीकरने आवाज स्वच्छ झाला, पण भरीव झाला तो शीट लावल्यावर, आणि मला विचाराल तर स्पीकर एक पायरी स्वस्तातला घ्या पण शीट सोडू नका.

ट्विटर सुरुवातीला टोचत होते. 'स' आणि 'श' कानात घुसायचे. लोक म्हणतात वाजवत राहा, स्पीकर मोकळा होतो, मला तरी वाटतं स्पीकरपेक्षा कानच सरावतात. शेवटी क्रॉसओव्हरवर (वूफर आणि ट्विटरला आवाज वाटून देणारा डबा) ट्विटर ३ डेसिबल कमी करायची सोय होती ती वापरली आणि प्रश्न मिटला, घेताना ही सोय आहे का ते नक्की बघा. ट्विटर काचेशेजारच्या खांबात बसवायचा विचार असेल तर जपून, बऱ्याच गाड्यांत तिथून कर्टन एअरबॅग जाते, तिच्या वाटेत वायर किंवा ट्विटर काहीही नको.

सीटखालचा सब हा चैनीचा भाग, पण हायवेवर कळतो. रस्त्याचा घोंगाट मुख्यतः खालच्या फ्रिक्वेन्सीचा असतो, तो बेस गिळतो, आणि तिथे सब असला की व्हॉल्यूम न वाढवता गाणं भरलेलं वाटतं. छातीत धडधड हवी असेल त्यांच्यासाठी हा नाही, ते या डब्याच्या आवाक्यातलं नाही. फिल्टर ८० हर्ट्झच्या आसपास ठेवलाय, म्हणजे साधारण त्याखालचाच आवाज सबला जातो. फेजचं बटण (सबचा प्लस-मायनस उलटा करणारं) दोन्हीकडे करून बघा आणि जिथे बेस जास्त भरीव वाटेल तिथे सोडा. गेन (येणाऱ्या सिग्नलशी सब जुळवायचं बटण) म्हणजे व्हॉल्यूम नव्हे, पूर्ण फिरवून ठेवू नका. वायर थेट बॅटरीवरून आणि फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत, यात तडजोड नाही, कारण वायर घासून शॉर्ट झाली तर तो फ्यूजच गाडी वाचवतो. अर्थची (मायनसची) वायर रंग खरवडून कोऱ्या पत्र्यावर. अ‍ॅक्सिलरेटरबरोबर चढणारी कुईं ऐकू आली तर आधी अर्थ तपासा. आणि गाडी बंद केल्यावर सबचा दिवा विझतो ना बघा, नाहीतर सकाळी बॅटरी बसलेली.

सब लागल्यावर एक नवीन उपद्व्याप सुरू होतो, खडखड. नंबर प्लेट, ग्लोव्ह बॉक्स, दाराच्या पॅडची एखादी क्लिप, सगळे आपापलं वाजायला लागतात. फेल्टची टेप आणि थोडा संयम, एकेक शोधत जायचं. सीटखाली धूळही जमते आणि मॅट सरकून सबच्या तोंडावर येते, ती अधूनमधून मागे ओढावी लागते.

स्टिरिओ न बदलल्यामुळे एक गोष्ट राहिली, टाइम अलाइनमेंट. ड्रायव्हरच्या बाजूचा स्पीकर जवळ असतो म्हणून आवाज तिकडे झुकतो, जवळच्याला थोडं उशिरा वाजवलं की मधोमध येतो, साधारण ३४ सेंटीमीटरला एक मिलिसेकंद. कंपनीच्या स्टिरिओत ही सोय नाही, बॅलन्स एक-दोन घर पलीकडे ढकलून काम भागवते. फेडरही (पुढच्या-मागच्या स्पीकरमधलं प्रमाण) पुढे ढकललाय, मागचे अगदी हळू, मागे कोणी बसलं तरच वाढवते. फोनमधला आवाज पूर्ण वर, अ‍ॅपमध्ये क्वालिटी सगळ्यात वरची, आणि निवांत ऐकायचं असेल तर ब्लूटूथऐवजी यूएसबी, फरक लहान आहे पण आता ऐकू येतो, आधी काही फरक कळायचाच नाही.

काढलेले कंपनीचे स्पीकर फेकू नका, कपलरसकट पिशवीत बांधून ठेवा, गाडी विकताना परत बसवता येतात आणि नवे पुढच्या गाडीत जातात. डॅम्पिंग शीट मात्र निघत नाही, ती गाडीबरोबरच जाणार.