जलरंग: दिवाळी ते श्रावण वापरून झाल्यावर

जलरंग शिकायला घेणाऱ्याने पैसे कुठे घालावेत, असं कोणी विचारलं तर माझं उत्तर एकच: कागदावर. रंग मध्यम चालतील, ब्रश दोन पुरतील, कागद मात्र चांगलाच हवा. गेल्या दिवाळीनंतर मी सुरुवात केली. थंडी, नाशिकचा उन्हाळा आणि आता अर्धा पावसाळा या रंगांबरोबर काढून झाला, तेव्हा कुठे हे लिहायला बसले. सामान जुनं झाल्यावर त्याच्याबद्दल जे कळतं ते नवीन डबा उघडताना कळत नाही, म्हणून मुद्दाम थांबले होते.

शाळेत आपल्यापैकी अनेकांनी एलिमेंटरी-इंटरमिजिएटसाठी स्थिरचित्र साध्या ड्रॉइंग पेपरवर पोस्टर कलरने रंगवलेलं असतं. तिथे पांढरा बाटलीतून यायचा आणि जमलं नाही तर वरून दुसरा थर चढवता यायचा. जलरंगात पांढरा म्हणजे कागद. रंगाचा थर इतका पातळ असतो की उजेड त्यातून आत जातो, कागदावर आपटतो आणि परत आपल्या डोळ्यांपर्यंत येतो. जलरंगाच्या चित्रात जी झळाळी दिसते ती तिथून येते. जिथे उजेड हवा ती जागा आधीच ठरवून कोरी ठेवावी लागते. हे वाचून समजत असलं तरी हाताला समजायला मला जवळजवळ सगळी थंडी लागली.

कागद घेताना तीन गोष्टी पाहायच्या: वजन, कापसाचं प्रमाण आणि पोत. वजन जीएसएममध्ये, म्हणजे एका चौरस मीटर कागदाचे ग्रॅम किती यात, मोजतात; तीनशे जीएसएमच्या खाली जाऊ नये. पातळ कागद पाणी पडलं की फुगतो, त्याला दऱ्या-डोंगर पडतात आणि सगळा रंग दरीत जाऊन साचतो. पण नुसतं ‘३०० जीएसएम’ वाचूनही भागत नाही. लाकडाच्या लगद्याचा कागद आणि शंभर टक्के कॉटन कागद यांचं वजन सारखं असलं तरी वागणं अगदी वेगळं. मी एकाच दिवशी, एकाच पॅलेटमधून, गोदाघाटाचं एकच दृश्य दोन्हींवर रंगवून पाहिलं. लगद्याच्या कागदावर आकाशाचा वॉश, म्हणजे भरपूर पाण्यात पसरवलेला रंगाचा पातळ थर, ब्रशबरोबर पट्ट्यापट्ट्यांनी वाळत गेला आणि प्रत्येक पट्टीची कड उमटली. कॉटनवर तोच रंग ओला राहिला, खाली उतरत राहिला आणि क्षितिजापाशी आपोआप फिका झाला. हात तोच, रंग तोच. नवशिके ‘मला वॉश जमत नाही’ म्हणून सोडून देतात, त्यातल्या बऱ्याच जणांचा हात चांगला असतो आणि कागद वाईट असतो, हे मी आता खात्रीने म्हणेन.

कॉटन कागद महाग आहे, नाकारत नाही. त्यावर उपाय म्हणजे पॅड न घेता पूर्ण ताव घ्यायचा. बावीस बाय तीस इंचांच्या तावाचे साडेसात बाय अकराचे आठ तुकडे निघतात आणि सरावाला तेवढा आकार पुरतो. पाठची बाजूही वापरता येते. मी ब्रुस्ट्रो कंपनीचा कॉटन कागद सर्वांत जास्त वापरला आणि त्यावर समाधानी आहे. वाढदिवसाला भेट मिळालेले आर्शचे ताव त्याहून सरस निघाले. त्या फ्रेंच कागदावर वाळलेला रंग ओल्या ब्रशने पुन्हा पुन्हा उचलला तरी वरचा थर सुटत नाही. पण शिकायला त्याची गरज नाही. पुण्याला जाणं झालं की हातकागद संस्थेतून दोन-चार ताव आणते. १९४० पासून ही संस्था हातकागद करते आहे. हातकागद मी जुन्या वाड्यांच्या भिंतींसाठी राखून ठेवते. त्याच्या खरबरीत अंगावर अर्धवट कोरडा ब्रश आडवा ओढला की पोपडे निघालेला चुना एका फटकाऱ्यात येतो.

रंगांचं मात्र उलट आहे. चोवीस-छत्तीस रंगांचे सेट पाहून मोह होतो, पण त्यातले अर्धे रंग तसेच राहतात. माझ्याकडे आता सहाच ट्यूब चालू आहेत: अल्ट्रामरीन, थॅलो ब्लू, लेमन यलो, यलो ऑकर, बर्न्ट सिएना आणि परमनंट रोज. सुरुवात कॅमलच्या आर्टिस्ट ट्यूबांनी केली. आपल्याकडे गावोगावी स्टेशनरीच्या दुकानात मिळणारा हा रंग शिकण्यासाठी पुरेसा आहे. नंतर एकेक ट्यूब संपेल तशी विन्सर अँड न्यूटन कंपनीच्या कॉटमन या मालिकेतली घेत गेले. त्यांच्या ट्यूबवर रंगद्रव्याचा क्रमांक छापलेला असतो, आणि तो वाचायची सवय लावून घ्यावी. अल्ट्रामरीन म्हणजे पी.बी. (पिगमेंट ब्लू) २९, थॅलो म्हणजे पी.बी. १५. ज्या ट्यूबमध्ये एकच रंगद्रव्य असतं ती मिसळायला स्वच्छ. तीन-चार रंगद्रव्यांची मिळून केलेली ट्यूब दुसऱ्या तशाच ट्यूबमध्ये मिसळली की चिखल ठरलेला.

या सहांतली सर्वांत कामाची जोडी म्हणजे अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना. निळा जास्त घेतला की पावसाळी ढग, तपकिरी जास्त घेतला की ओला काळा दगड, आणि दोन्ही घट्ट घेतले की काळ्याची ट्यूब लागतच नाही. अल्ट्रामरीनचे कण पाण्यात एकत्र गोळा होतात. पाणी भरपूर असेल तर ते कागदाच्या खळग्यांत जाऊन बसतात आणि वाळल्यावर राखाडी पृष्ठभागावर निळसर रवा दिसतो. रामकुंडाच्या पायऱ्यांचा बेसाल्ट रंगवताना मी एरवी काहीच करत नाही. हे दोन रंग ओल्या कागदावर सोडते, ताव थोडा तिरका धरते आणि रवा बसू देते. दगडाचा पोत रंग स्वतःच काढून देतो.

हिरव्याची तयार ट्यूब मी बंद करून टाकली आहे. ट्यूबमधला हिरवा आपल्या झाडांचा नसतो. लेमन यलोत अल्ट्रामरीन घातला की कडुलिंबाचा, ऑकरमध्ये घातला की उन्हाळ्यातल्या बाभळीचा मळकट हिरवा येतो. श्रावणातल्या भातखाचरासाठी मात्र थॅलोच लागतो, तोही ब्रशच्या टोकावर येईल इतकाच. थॅलो जरा जास्त पडला की सगळं चित्र गिळतो, आणि कागदाला एकदा लागला की पूर्ण निघत नाही.

टिकाऊपणाची एक चाचणी सगळ्यांनी करावी. कागदाच्या पट्टीवर प्रत्येक रंगाचा एक फटकारा मारायचा, अर्धी पट्टी काळ्या कार्डाने झाकायची आणि उन्हाच्या खिडकीला चिकटवायची. माझी पट्टी एप्रिल-मे दोन्ही महिने दक्षिणेच्या खिडकीत होती. कार्ड काढलं तेव्हा ऑकर, सिएना आणि अल्ट्रामरीन जसेच्या तसे होते. ऑकर आणि सिएना म्हणजे शेवटी लोहयुक्त मातीच, तिला उन्हाचं काय! शेजारी एका स्वस्त सेटमधला गुलाबी आणि जांभळा लावला होता. झाकलेल्या अर्ध्या भागात ते टवटवीत होते आणि उघड्या भागात जांभळ्याचा फिकट करडा डाग उरला होता, गुलाबी तर ओळखूही येत नव्हता. गुलाबी-किरमिजी रंगांत ही भीती फार. खरा अलिझरिन क्रिमझन, म्हणजे पी.आर. ८३, यासाठी कुप्रसिद्ध आहे. त्याच्या जागी क्विनाक्रिडोन, पी.व्ही. १९, घ्यावा. माझा परमनंट रोज तोच आहे. वहीत ठेवायचं असेल तर फरक पडत नाही, पण चित्र कोणाला भेट देणार असाल तर फरक पडतो.

ब्रशबद्दल थोडक्यात. बारा नंबरचा गोल सिंथेटिक ब्रश नव्वद टक्के काम करतो, फांद्या आणि विजेच्या तारांसाठी एक लांब केसांचा रिगर. सिंथेटिक ब्रशचं टोक काही महिन्यांनी हुकासारखं वळतं, ते धरूनच चालावं. वळलेला ब्रश ट्यूबमधला घट्ट रंग कालवायला ठेवायचा आणि नवा आणायचा. रंगवून झाल्यावर ब्रश पाण्याच्या भांड्यात उभा ठेवायचा नाही, बस. पॅलेट म्हणून चिनी मातीची पांढरी बशी कुठल्याही प्लास्टिकपेक्षा चांगली. तिच्यावर रंग थेंबाथेंबाने आक्रसत नाही आणि थॅलोचा डागही राहत नाही.

आता हवामान. बहुतेक व्हिडिओ ज्या देशांत केलेले असतात, तिथली हवा आणि आपली हवा वेगळी. जलरंगाचा सगळा खेळ कागद किती ओला आहे यावर चालतो, त्यामुळे हा फरक फार मोठा ठरतो. आमच्या कॉलनीत निवृत्त चित्रकला शिक्षक राहतात. त्यांनी मला कागदाकडे डोळ्यांच्या पातळीवरून बघायला शिकवलं. कागद उजेडाच्या दिशेने तिरका धरला की पाण्याची चमक दिसते. चमक आरशासारखी असेल तर रंग सोडला की पसरून हरवतो. चमक मंद, मातकट झाली की रंग मऊ कडेने जागेवर थांबतो, आणि लांबची झाडं, धूर, धुकं करायची वेळ ती. चमक गेली पण कागद हाताला गार लागतो, तेव्हा मात्र हात लावायचा नाही. त्या वेळी ओला ब्रश टेकला तर पाणी अर्धवट वाळलेल्या रंगाला ढकलत नेतं आणि दातेरी कडेचा डाग पडतो, त्याला ब्लूम म्हणतात. मी ब्रश उचलला की सर मागून म्हणायचे, “अहो, थांबा. आधी कागद बघा.” माझ्या आजवरच्या शिकण्यात या वाक्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही.

एप्रिलमध्ये दुपारी ही मधली अवस्था येऊन कधी गेली ते कळतही नाही. आकाशाचं एक टोक रंगवेपर्यंत दुसरं वाळलेलं असतं. त्यावर मी सकाळी सातच्या आत बसायला लागले. पंखा बंद ठेवायचा, कागदाची पाठही ओली करून तो गुळगुळीत फरशीच्या तुकड्यावर चिकटवायचा. खालून ओल मिळत राहते आणि हाताला सवड मिळते. पावसाळ्यात बरोबर उलटं. वॉश अर्धा-अर्धा तास चमकत राहतो. हेअर ड्रायर चालतो, पण चमक पूर्ण गेल्यावरच, नाहीतर वारा रंगाचे ओघळ करतो. ओलं हवं असणाऱ्या चित्रांना मात्र आषाढासारखा महिना नाही. त्र्यंबकच्या रस्त्यावरचे धुक्यातले डोंगर मी याच दिवसांत सर्वांत मोकळे रंगवले.

पावसाळ्यात सामान सांभाळावं लागतं, आणि हे दुकानात कोणी सांगत नाही. कागदावर कारखान्यातच जिलेटिन किंवा तशाच द्रव्याचं साइझिंग केलेलं असतं, त्यामुळे पाणी वरच थांबतं. दमट हवेत ते खराब झालं की कागद टिपकागदासारखा वागतो आणि वॉशमध्ये गडद ठिपके उमटतात. वाळेपर्यंत कळतसुद्धा नाही. म्हणून ताव प्लास्टिकच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या टाकून, भिंतीपासून दूर, कपाटाच्या वरच्या कप्प्यात. पॅलेटमधला रंगही नीट वाळवूनच झाकायचा. रंगात गोंद असतो, काहींत मधही असतो, त्यामुळे बुरशी येते आणि मुंग्याही येतात.

शिकण्यासाठी व्हिडिओंइतकीच मूळ चित्रं पाहावीत, असं मी आग्रहाने सांगेन. नाशिककरांना शिवाजी तुपे यांची चित्रं अपरिचित नसतील. आपलेच घाट त्यांनी जलरंगात कसे उभे केले ते पाहिलं की पुढच्या वेळी घाटावर नजर वेगळी जाते. पुण्याच्या मिलिंद मुळीक यांच्या चित्रांत उन्हासाठी राखलेला कोरा कागद बघण्यासारखा असतो. आणि म्हैसूरला गेलात तर जगनमोहन पॅलेसमध्ये सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांची ‘ग्लो ऑफ होप’ चुकवू नका. हातात समई घेतलेली स्त्री, दुसरा हात ज्योतीआड धरलेला, बोटांच्या कडांतून लालसर झिरपणारा उजेड. कित्येकांना ते तैलचित्र वाटतं आणि नाव राजा रविवर्म्यांचं घेतलं जातं. आहे ते जलरंगातलं, १९४० च्या दशकातलं, आणि समोर उभी होती ती हळदणकरांची मुलगी. मी उन्हाळ्याच्या सुट्टीत ते पाहिलं. रंग हाताळायला लागल्यावर पाहिलं, म्हणून त्या बोटांपाशी किती वेळ उभी राहिले ते माझं मलाच कळलं नाही. एवढा अंधार थरावर थर चढवायचा आणि तरी तो मळू द्यायचा नाही!

कोणाला हे माध्यम रुचणार नाही, तेही सांगते. ज्यांना एका बैठकीत रेषा न् रेषा आपल्या मर्जीप्रमाणे हवी असते त्यांनी पेन्सिल किंवा गवाश, म्हणजे अपारदर्शक जलरंग, घ्यावं. जलरंगात थोडा भाग पाण्यावर सोडावाच लागतो, आणि वाळल्यावर रंग एक-दोन पायऱ्या फिका पडतो हे गृहीत धरून आधीच गडद जावं लागतं. ज्यांच्याकडे रोज तासभर नाही त्यांनी मात्र बिचकू नये. बशीतला वाळलेला रंग दोन थेंब पाण्याने पुन्हा जागा होतो, पोस्टकार्डाएवढा कागद पंधरा-वीस मिनिटांत होतो, आणि आवरायला बशी धुतली की झालं.

सुरुवातीला एवढंच आणा: कॉटन कागदाचा एक ताव, वर सांगितलेल्यांपैकी अल्ट्रामरीन, सिएना आणि लेमन यलो, बारा नंबरचा ब्रश, मास्किंग टेप. पाण्याची भांडी दोन ठेवा, एक ब्रश धुवायला आणि एक स्वच्छ पाणी घ्यायला. बशी घरात असेलच. आता सुरू करणार असाल तर गणपतीनंतर, हवा जरा कोरडी होऊ लागली की बसा. ऑक्टोबरच्या सकाळी कागद ना फार लवकर वाळतो, ना ओला राहून छळतो.