रिजवे की साउथ डाउन्स वे? एकजण पायी, एकजण सायकलवर असेल तर

भाचा आणि भाचेसून जूनमध्ये लंडनला चाललेत. तिला चालायचंय, त्याला सायकल चालवायचीय. परवा बडोद्याला, दांडिया बाजारातल्या आमच्या घरी आला आणि चहा होतोय तोच म्हणाला, "मामा, रिजवे करू की साउथ डाउन्स वे?" दोन्ही दक्षिण इंग्लंडमधल्या लांब पल्ल्याच्या डोंगरवाटा. आम्ही दोन्ही केल्यात, त्याची मामी पायी आणि मी सायकलवर, म्हणून चार शब्द बोलायचा हक्क आहे असं समजतो.

तिचे दिवसाला अठरा-वीस किलोमीटर व्हायचे. मीही तेवढंच जायचो, फक्त मधे दोनदा गवतात लोळून. दुपारी कुठेतरी भेटायचं, दशमी आणि बडोद्याहून नेलेला लीलो चेवडो खायचा, असा बेत.

रिजवे 139 किलोमीटरचा. एव्हबरीजवळच्या ओव्हरटन हिलपासून आयव्हिंगो बीकनपर्यंत. निवांतपणा हवा असेल तर हाच, हे कबूल करतो. वेलँड्स स्मिदीची ती हजारो वर्षांची दगडी समाधी आणि अफिंग्टनचा डोंगरावर पांढऱ्या खडूत कोरलेला घोडा पाहताना मामीसुद्धा दहा मिनिटं काही बोलली नाही. वाट रुंद, माणसं तुरळक. काही ठिकाणी उन्हाळ्यात मोटारींनाही मुभा असते, त्यांच्या चाकोऱ्यांत सायकल अडकते. पण ते सोसलं.

सोसलं नाही ते बाणांचं. तिथल्या वाटेवरच्या खांबांवर बाण असतात: निळा म्हणजे पायी, घोडा आणि सायकल तिघांना मोकळी, पिवळा म्हणजे फक्त पायी. रिजवेच्या पश्चिम भागात काळजी नाही. थेम्स ओलांडून गोरिंगला आलो, आणि थोडं पुढे नदीकाठी निळ्याचा पिवळा झाला. ती सरळ गेली, मी नकाशा काढून गाडीरस्त्याला लागलो. पुढे पुन्हा मोकळीक मिळते, परत पिवळा येतो. एका दुपारी फोनला रेंज नव्हती. मी एका गावाच्या चर्चपाशी तासभर, ती दुसऱ्याच फाट्यावर. चेवडा माझ्या पिशवीत, पाणी तिच्या. त्या संध्याकाळी आमच्यात जे बोलणं झालं ते इथे लिहीत नाही. एकट्याने पायी जाणाऱ्याला यातलं काहीच जाणवणार नाही, हेही खरं.

साउथ डाउन्स वे थोडा लांब, विंचेस्टर ते ईस्टबोर्न 160 किलोमीटर. 1972 मध्ये सुरू झाला तोच मुळी घोडेस्वारांना धरून. आणि 1968 च्या कायद्याने घोड्यांच्या वाटांवर सायकलीला परवानगी आहे, अट एवढीच की पायी माणसाला आणि घोड्याला आधी वाट द्यायची. त्यामुळे निळा बाण जवळजवळ शेवटपर्यंत सुटत नाही. घोड्यामागून जाताना घंटी बडवू नका, दुरूनच हाक मारा. आपण घोडा बघतो तो लग्नाच्या वरघोड्यातला, बँडला सरावलेला, हे बिचकतात.

त्रास इथेही आहे. उंचीचं म्हणाल तर बटसर हिल जेमतेम 270 मीटर, पावागडापुढे टेकाडच. पण अरुन, अडुर, ऊझ, ककमिअर या नद्या डोंगराची रांग कापत समुद्राकडे जातात. म्हणजे दर नदीला खाली उतरायचं आणि परत चढायचं. बडोद्यात चढ म्हणजे फ्लायओव्हर. गिअर कशासाठी असतात ते मला तिथे समजलं. पाऊस पडला की खडूची माती ओल्या शाडूसारखी चाकांना लिंपते, आणि गारगोट्यांनी ट्यूब फाटते. माझं दोनदा पंक्चर झालं. फाटकंही पुष्कळ. दर वेळी उतरा, उघडा, लावा. मामीला मात्र ती आवडायची, कारण तिथे मी हमखास सापडायचो.

पिण्याच्या पाण्याचे नळ दोन्हीकडे दूरदूर, जागा आधी पाहून ठेवा. साउथ डाउन्सला ॲम्बर्ली स्टेशन वाटेला लागूनच आहे, पाय दुखले तर तिथून गाडी पकडता येते. वारा बहुतेक नैर्ऋत्येचा, म्हणून विंचेस्टरहून निघा, पाठीवर घ्या.

तरी एक फाटा याही वाटेला आहे, आणि तो नेमका शेवटी. ॲल्फ्रिस्टनला पायी माणूस सेव्हन सिस्टर्सच्या पांढऱ्या कड्यांवरून समुद्राकाठाने जातो, सायकल आणि घोडा जेव्हिंग्टनवरून आतून. निघतानाच ईस्टबोर्नच्या धक्क्यावर भेटायचं ठरवून टाकलं, त्यामुळे या वेळी कोणी कोणाला शोधलं नाही. ती येईपर्यंत मी दोन चहा प्यालो, मग तासभर तिने काढलेले कड्यांचे फोटो बघितले. दुसऱ्या दिवशी सायकल खोलीवर ठेवली, ब्रायटनकडे जाणाऱ्या बसने एक्सीटला उतरलो आणि ते कडे पायी केले. मामी सोबत आली नाही. म्हणाली, माझं झालंय.